मराठी शुद्धलेखन तपासनीस: पुढच्या वर्षाचा रोडमॅप ठरवायचा आहे, मतं मांडा

अनुस्वार

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी शुद्धलेखन तपासनिसाचं, म्हणजे लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चालणाऱ्या हनस्पेल कोशाचं, पुढच्या वर्षाचं काम ठरवायला हा धागा काढतोय. ग्रुपवर सूचना भरपूर येतात, पण दुसऱ्या दिवशी त्या वर सरकून दिसेनाशा होतात. इथे राहतील, नंतर येणाऱ्यालाही सापडतील.

नव्यांसाठी थोडी माहिती. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला दोन फायली लागतात. एकीत मूळ शब्द आणि शब्दापुढे खुणा असतात. दुसरीत त्या खुणांचे नियम: शेवटचं कोणतं अक्षर काढायचं, काय जोडायचं, कुठल्या अटीवर. मराठीत 'घर' लिहून काम संपत नाही. घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनाही, ही सगळी रूपं नियमांतून निघावी लागतात. हनस्पेल प्रत्ययांचे दोनच थर सोलून बघतो, म्हणून त्यापुढचे थर आपल्याला आधीच एकत्र बांधून ठेवावे लागतात. शिवाय देऊळचं देवळात, पाऊसचं पावसात. ही नियमांची फाइल पूर्ण कळणारी व्यक्ती आज आपल्यात एकच आहे, वेलांटी ताई.

आलेल्या सूचना अशा: अँड्रॉइडसाठी कीबोर्ड, व्याकरण तपासणी, वर्डमध्ये चालेल अशी जोडणी, स्वतःचं संकेतस्थळ, बोलींचे कोश, एआय. एकही सूचना वाईट नाही. पण ही मागण्यांची यादी झाली. रोडमॅप मागण्यांपासून सुरू केला तर तो पगारी टीमचा रोडमॅप होतो. आपल्याकडे पगार नाही, हजेरी नाही, कुणी कुणाचा साहेब नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा की सुरुवात माणसांपासून करू. ज्या कामापुढे एखाद्याने स्वतःहून नाव लिहिलंय तेच रोडमॅपमध्ये. बाकीची कामं 'इच्छा' नावाच्या वेगळ्या पानावर जातील, आणि ती कधी होणार असं कुणी विचारलं तर सरळ सांगायचं की कुणी उचललं की होईल.

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. तिची घटना, म्हणजे प्रकल्पाची नियमावली, १९९८ सालची आहे. तिच्यात सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलंय की या घटनेमुळे कुणावरही काम करण्याचं बंधन येत नाही, आणि सोपवलेलं काम करायची इच्छा नसेल तर ते न करण्याची मुभा आहे. जगातले कितीतरी सर्व्हर ज्या प्रणालीवर उभे आहेत ती या पायावर चालते. हे वाक्य आपणही मनापासून मान्य केलं तर आखणीची पद्धतच बदलते.

तर प्रत्येकाने तीन गोष्टी सांगा. वर्षातल्या कुठल्या महिन्यांत वेळ असतो, कुठलं काम आवडीने कराल, आणि कुठल्या कामाला हात लावणार नाही. तिसरं उत्तर संकोच न करता द्या, मला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे.

सह्याद्रीवासी

धागा काढलात हे फार बरं झालं. पण मूळ मुद्द्याशी असहमत.

मी रोज हेच काम करतो, टीमचं वेळापत्रक सांभाळण्याचं. तारीख नसलेलं काम होत नाही, हा माझा अनुभव आहे. "कुणी उचललं की होईल" हे बाहेरच्या माणसाच्या कानाला "होणार नाही" असंच ऐकू येतं. वर्षाचे चार भाग करा, प्रत्येक भागात दोन ठळक गोष्टी ठेवा, जाहीर करा. जाहीर केलं की आपणही हलतो. लोक मदतीला येतात तेही काहीतरी मोठं घडतंय असं दिसलं की. 'देवळात'चा नियम दुरुस्त केला या बातमीवर कोण येणार?

रात्रपाळी

तारीख हवी, यात सह्याद्रीवासींशी सहमत. पण तारीख कशाला लावायची हा खरा प्रश्न.

डेबियनचंच पुढे सांगतो. वुडी ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि तिच्यानंतरची सार्ज थेट जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं. ठरवलेलं सगळं पूर्ण झाल्यावरच प्रसिद्ध करायचं म्हटलं की काहीतरी नेहमीच अपुरं राहतं, आणि तोवर झालेलं कामही लोकांच्या हाती जात नाही. त्यानंतर मात्र दर दोन वर्षांच्या आसपास आवृत्ती येत राहिली: एच २००७, लेनी २००९, स्क्वीझ २०११, अशी. त्यांनी हळूहळू फ्रीझची, म्हणजे नवीन बदल घेणं थांबवण्याची, वेळ आधी जाहीर करायला सुरुवात केली. त्या दिवसापर्यंत जे तयार आहे ते आत, बाकीचं पुढच्या खेपेला. शेवटची प्रसिद्धी मात्र गंभीर बग मिटल्यावरच.

लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याची, तऱ्हा याहून कडक. दोन आठवडे नवीन बदल घेतात, मग दार बंद. त्यापुढचे सहा-सात आठवडे फक्त दुरुस्त्या. तुमचं काम राहिलं तर नऊ-दहा आठवड्यांनी पुन्हा दार उघडतंच. त्यामुळे घाईघाईने अर्धवट काहीतरी आत ढकलायचा मोह कमी होतो. लिबरऑफिसही दर सहा महिन्यांनी येतं, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमाराला, आणि आपला कोश त्याच्यासोबत जातो. म्हणजे एक वेळापत्रक आपल्याला आयतंच मिळालेलं आहे.

थोडक्यात, तारीख आवृत्तीला लावा, कामाला लावू नका. 'कीबोर्ड सप्टेंबरमध्ये' असं लिहिलं की ते एका माणसाच्या मानेवर बसतं. 'आवृत्ती सप्टेंबरमध्ये, तोवर जे झालं ते' असं लिहिलं की कुणाच्या घरी आजारपण आलं तरी प्रकल्प अडत नाही.

आणि तारीख गाठायला पैसे ओतण्याबद्दल, कारण पुढे तो विषय निघणारच. २००६ मध्ये डेबियनच्या काही मंडळींनी डंक-टँक नावाने निधी उभारला. एच आवृत्ती डिसेंबरमध्ये यावी म्हणून दोन रिलीज मॅनेजरांना एकेका महिन्याचा मोबदला द्यायचा, असा बेत. आवृत्ती आली एप्रिल २००७ मध्ये. मधल्या काळात, दोघांनाच पैसे का, या नाराजीतून काही स्वयंसेवकांनी आपलं काम कमी केलं. पैसा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण फुकट काम करणाऱ्या दहा जणांत दोघांना पैसे दिले की उरलेल्या आठांचं मन बदलतं, हे आखणी करताना धरून चालावं लागतं.

पानोपानी

मी प्रोग्रॅमर नाही. मुद्रितशोधक आहे, पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची प्रुफं तपासते. तुमचा कोश लिबरऑफिसमध्ये रोज वापरते, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

पहिली गोष्ट, शब्द वाढवा असं सगळे म्हणतात, मला शब्दांची उणीव फारशी भासत नाही. त्रास होतो बरोबर शब्दाखाली लाल रेघ येते तेव्हा. एका पानावर वीस रेघा आल्या आणि त्यातल्या अठरा खोट्या निघाल्या की उरलेल्या दोन खऱ्या चुकाही डोळ्यांखालून निसटतात. 'दऱ्याखोऱ्यांत', 'सुऱ्या', 'पायऱ्या' हे शब्द कधी बरोबर दाखवतो, कधी चूक. दिसायला अक्षर अगदी एकसारखं. 'ॲ'चंही तसंच. लेखकांकडून फायली येतात, प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, आणि 'ॲसिड' तीन लेखकांच्या फायलींत तीन तऱ्हांनी वागतं.

दुसरी गोष्ट, चुकलेल्या शब्दावर उजवं बटण दाबलं की सुचवणीत बरोबर शब्द पहिला असावा. 'परिक्षा' लिहिलं तर 'परीक्षा' वर हवं. आज बऱ्याचदा ते चौथ्या-पाचव्या जागी असतं.

तिसरी तारखेबद्दल. सप्टेंबर म्हणालात, पण दिवाळी अंकांचं काम जुलैअखेर सुरू होतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. त्या दिवसांत कोश बदलला आणि काही बिघडलं तर मी तो काढून ठेवीन आणि परत कधी लावीन सांगता येत नाही. जूनमध्ये द्या. जुलैत वापरून बघता येईल, काही निघालं तर कळवता येईल. मे महिन्यात शाळेच्या पुस्तकांची गडबड ओसरलेली असते, तेव्हा आधीचा मसुदा तपासायला मी वेळ देऊ शकते.

अनुस्वार

पानोपानी ताई, या एका प्रतिसादाने माझ्या कच्च्या आराखड्याचा क्रम बदलला. मनापासून आभार.

ऱ्या आणि ॲ का गडबडतात ते सांगतो, कारण हे काम छोटं आहे आणि त्याचा लाभ मोठा. 'ऱ्य' संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. जुन्या फायलींत साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. नव्या कीबोर्डांवर नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त. डोळ्याला फरक नाही, यंत्राला दोन वेगळे शब्द. 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ साली ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देत किंवा 'ऍ' वापरत, आणि आजही वापरतात. हनस्पेलच्या नियमांत येणारा मजकूर आधी एका रूपात बदलून घ्यायची सोय आहे, काही ओळींचं काम. मात्र लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हीकडे तपासून बघावं लागेल. हे माझ्या नावावर लिहा.

सुचवणीचा क्रमही बराचसा हातात आहे. इ-ई, उ-ऊ ही एकमेकांच्या जागी चुकणारी अक्षरं म्हणून सांगता येतात, आणि नेहमीच्या चुकांच्या जोड्या देता येतात. त्या जोड्या खऱ्या लिखाणातून आल्या पाहिजेत. ताई, तुम्ही प्रुफांत जे पुन्हापुन्हा दुरुस्त करता त्याची यादी द्याल का? लेखकाचं नाव, मजकूर काही नको. फक्त चूक आणि बरोबर.

रिलीजसाठी दोन तारखा सुचवतो: मराठी भाषा गौरव दिन, २७ फेब्रुवारी, आणि ३० जून. पहिली तारीख बातमीसाठी बरी, दुसरी वापरणाऱ्यांच्या सोयीची. फ्रीझ दोन्हींच्या तीन आठवडे आधी. लिबरऑफिसच्या ऑगस्टच्या आवृत्तीत जूनचा कोश वेळेत गेला तर उत्तमच, पण आपला विस्तार वेगळाही उतरवता येतो, त्यामुळे तिथे काही राहिलं तरी वापरणाऱ्यांचं अडणार नाही.

पानोपानी

यादी देते. माझ्याकडे वहीत आहे, टाइप करायला घेते.

वेलांटी

उशिरा लिहितेय, पण सगळं वाचलंय.

आधी तिसरं उत्तर. अँड्रॉइड कीबोर्डला मी हात लावणार नाही, व्याकरण तपासणीलाही नाही. कीबोर्ड हा स्वतंत्र प्रकल्प आहे, त्याला वेगळी माणसं लागतात. व्याकरण तपासणी हनस्पेलने होतच नाही, तो एकेक शब्द सुटा बघतो. लिबरऑफिसला लँग्वेजटूल जोडता येतं, ज्यांना व्याकरणात रस आहे त्यांनी मराठी नियमांचा विचार तिकडे करावा.

वेळ: मार्चमध्ये शून्य, मी बँकेत आहे. गणपतीत शून्य. बाकी आठवड्याला एक संध्याकाळ. त्या संध्याकाळीही आधी आलेले बग, कुणाच्या पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या), कुणाचे प्रश्न बघावे लागतात. हिशेब मांडताना माझ्या वेळेतला निम्मा भाग याच कामांना धरा, तो रोडमॅपमध्ये दिसला नाही तरी. नवीन कामाला उरतो तो निम्मा. प्रकल्प सांभाळणाऱ्या प्रत्येक मेंटेनरचं थोड्याफार फरकाने असंच असतं, आणि आखणी कोलमडते ती बहुतेक वेळा इथेच. पूर्ण वेळ नवीन कामाला धरलेला असतो.

आता मला काय करायचंय. सगळ्यात मोठं भोक उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातल्या, इकार-उकारांचं आहे. दूध-दुधात, मीठ-मिठात, गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला. पण शरीर-शरीरात, परीक्षा-परीक्षेला, कारण हे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. शब्द तत्सम आहे की नाही हे यंत्राला शब्दाच्या रूपावरून कळत नाही, ते माणसानेच सांगायला लागतं. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ पासून आहेत, पुढे १९७२ मध्ये भर पडून अठरा झाले, तेव्हा नियम कोणता हा वाद नाही. फक्त हजारो शब्दांपुढे कुणीतरी बसून खूण करायची आहे. प्रोग्रॅमिंग लागत नाही, मराठी नीट यावं लागतं. शंभर-शंभर शब्दांचे गठ्ठे करून देते. एक गठ्ठा एका बैठकीत होतो, अर्धा राहिला तरी दुसरा कुणी उचलू शकतो. स्वयंसेवकाला द्यायचं काम असं कापलेलं असावं असं मला वाटतं. चार महिने एकट्याने ओढायचं काम कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.

आणि एक आग्रह. नियमांची फाइल माझ्याशिवाय आणखी एकाला आली पाहिजे. हे काम यादीत सगळ्यात वर ठेवा, कीबोर्डच्या वर, संकेतस्थळाच्या वर. माझ्याकडे वेळ आहे तोवर शिकवते. दोन-तीन महिने कुणी सोबत बसलं तर येईल.

नवशिकी

मी शिकायला तयार आहे ताई. पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन येतात, मराठी माध्यमातून शिकलेय. नोव्हेंबर आणि मे परीक्षेचे, तेव्हा जमणार नाही.

कॉलेजमधले बरेच जण ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्टसाठी, म्हणजे खुल्या प्रकल्पांना हातभार लावायच्या उपक्रमासाठी, प्रकल्प शोधत असतात. त्यांना गठ्ठे दिले तर खूप शब्द एकदम होतील ना?

रात्रपाळी

नवशिकी, तुझं स्वागत. हॅक्टोबरफेस्टबद्दल सावधपणे. २०२० मध्ये टी-शर्टच्या आशेने लोकांनी निरर्थक पुल रिक्वेस्टचा पूर आणला. दुसऱ्यांच्या माहितीपत्रकात एखादा शब्द घुसडायचा आणि पाठवायचं. मेंटेनर इतके वैतागले की आयोजकांना महिन्याच्या पहिल्या काही दिवसांतच नियम बदलावा लागला, ज्या प्रकल्पाने स्वतः होकार दिलाय तेवढ्याच मोजल्या जातील असा.

आपल्याकडे तपासणार कोण? वेलांटी ताईंची ती एकच संध्याकाळ. ऑक्टोबर म्हणजे पानोपानी ताईही अंकांत बुडालेल्या. शंभर जण येऊन आठवड्यात निघून गेले, तर त्यांनी केलेलं तपासायला आपले पुढचे तीन महिने जातील. तुझ्या ओळखीचे दोघं-तिघं, ज्यांना खरंच भाषेची आवड आहे, त्यांना जानेवारीत आण. ते जास्त मोलाचं.

इझारकाठी

म्युनिकहून. मुलं झोपली की रविवारी थोडा वेळ मिळतो. मी दोन कामं घेतो.

पहिलं, चाचण्या. बरोबर शब्दांची एक फाइल, चुकीच्या शब्दांची एक फाइल. कुणीही बदल पाठवला की दोन्ही आपोआप तपासल्या जाव्यात. 'देवळात' एकदा दुरुस्त झालं की पुढच्या कुठल्याही बदलात ते परत बिघडू नये. पानोपानी ताईंची वही इथे थेट कामाला येईल. शिवाय मराठी विकिपीडियाचा पूर्ण मजकूर उतरवून घेता येतो, त्यात वारंवार येणारे कोणते शब्द आपण चूक दाखवतो याची यादी काढतो. खोट्या रेघा कुठे जास्त आहेत ते मग अंदाजाने ठरवायला नको.

दुसरं, विस्ताराचं पॅकेज आज एकजण स्वतःच्या संगणकावर हाताने बांधतो. ते रेपॉझिटरीतून, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यातून, स्क्रिप्टने बांधलं जावं. याला कारण आहे. मार्च २०२४ मधलं एक्सझेड प्रकरण आठवा. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी, एकट्या मेंटेनरवर चालणारी लायब्ररी. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही अनोळखी खात्यांनी मागे लागून लागून त्याला दमवलं: काम किती हळू चाललंय, नवीन माणूस घ्या. मदतीला आलेल्याने दीड-दोन वर्षं सरळ काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० मध्ये मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. ते उघडणारा तुकडा प्रसिद्ध केलेल्या गठडीत होता, गिटमधल्या मूळ कोडमध्ये तो दिसत नव्हता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावताना हे सापडलं.

शब्दकोशातून असा हल्ला कुणी करेल असं नाही. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जे लोकांच्या हाती जातं ते सगळ्यांना दिसणाऱ्या मजकुरातूनच तयार व्हावं. आणि 'अजून झालं नाही का' असा तगादा एका माणसावर एकट्याने झेलायची वेळ येऊ देऊ नये. अनुस्वार, 'इच्छा' पानावर वर ठळक लिहा की वेळेबद्दलचे प्रश्न या धाग्यावर विचारावेत, वेलांटी ताईंना खाजगीत नाही.

सह्याद्रीवासी

आवृत्तीला तारीख, कामाला नाव, हे पटलं. चार भागांचा आग्रह सोडतो.

एक भर घालतो. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीतली हार्टब्लीड नावाची त्रुटी उघड झाली, तेव्हा जगाला कळलं की त्या प्रकल्पाला वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर देणग्या मिळत होत्या आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. त्यानंतर जूनअखेर त्यांनी रोडमॅप जाहीर केला. तो मी परत वाचला. सुरुवातीला नवीन सुविधा नाहीतच. आधी स्वतःच्या अडचणी मांडल्या आहेत: तुंबलेल्या तक्रारी, अपुरं दस्तऐवजीकरण, कोड दुसऱ्याने तपासण्याची पद्धत नाही, आवृत्त्यांचं नियोजन नाही. आणि मग त्यावर काय करणार ते. लोकांनी हा प्रामाणिकपणा मानला, मदतही आली.

आपल्या पानाची सुरुवात तशी करू. आमच्याकडे नियमांची फाइल येणारी एकच व्यक्ती आहे, हे पहिल्या ओळीत लिहू. मदत करू इच्छिणाऱ्याला त्यावरून कुठे हात द्यायचा ते कळेल. हे पान लिहायचं आणि महिन्यातून एकदा ताजं ठेवायचं काम माझं. ग्रुपवरच्या मागण्यांना उत्तरं देणंही मी घेतो, वेलांटी ताईंच्या संध्याकाळी तेवढ्या वाचतील.

भीमाकाठ

आपण सगळे तांत्रिक बोलताय, मी शिक्षक म्हणून एक विषय काढतो. बोलींचा.

माझ्या वर्गातली मुलं संगणकावर गोष्टी लिहितात. घरातला शब्द लिहिला की खाली लाल रेघ. मूल विचारतं, "सर, हे चुकलं का?" मी काय सांगू? त्याच्या आजीच्या तोंडचा शब्द चुकीचा कसा? प्रमाण लेखन शिकवणं माझं कामच आहे, पण यंत्र जेव्हा लाल रेघ मारतं तेव्हा ते मुलाला फरक समजावून सांगत नाही. 'इच्छा' पानावर बोलीकोश टाकला की तो तिथेच पडून राहील, कारण प्रकल्पातले बहुतेक जण शहरातले आणि प्रमाण भाषेत लिहिणारे. नाव लिहील त्याचंच काम होणार असेल, तर नाव लिहायला इथे जे पोहोचलेच नाहीत त्यांचं काय?

अनुस्वार

भीमाकाठ सर, तुमचा आक्षेप खरा आहे. 'नाव तिथे काम' या नियमाला ही मर्यादा आहेच. जे इथे आहेत त्यांच्याच गरजा पुढे जातात. केडीई या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात २०१७ पासून दर दोन-तीन वर्षांनी पूर्ण समुदाय मतदानाने तीन उद्दिष्टं निवडतो. प्रस्ताव मांडणाराच ते उद्दिष्ट पुढे नेतो, पण मत सगळ्यांचं. २०२२ मध्ये त्यातलं एक अपंगांना वापरता येईल अशा रचनेबद्दलचं होतं. ज्यांना एखादी गोष्ट स्वतः करता येत नाही त्यांनाही ती महत्त्वाची आहे हे तिथे सांगता येतं. आपल्यालाही वर्षातून एक उद्दिष्ट असं ठेवता येईल, की ज्याला नाव मिळेपर्यंत आपण स्वतः माणसं शोधायची.

बोलीकोश मुख्य कोशात मिसळला तर पानोपानी ताईंच्या कामाला अडचण, कारण त्यांना प्रमाण लेखनच तपासायचं असतं. पण लिबरऑफिसमध्ये शब्दांच्या जादा याद्या लावता येतात. त्या लावल्या की ते शब्द चूक दाखवले जात नाहीत, आणि नको तेव्हा खूण काढून टाकता येते. तुमच्या भागातली एक यादी या मार्गाने करून बघूया का? मुलांच्या गोष्टींमधूनच शब्द घ्या. प्रत्यय लागलेली रूपं त्यात आपोआप येणार नाहीत, ती सुरुवातीला हाताने लिहावी लागतील.

भीमाकाठ

मे महिन्याच्या सुट्टीत करतो. पण यादीचं नाव 'अशुद्ध' किंवा 'ग्रामीण' असलं काही ठेवायचं नाही. भागाचं नाव द्या, सोलापूर-पंढरपूर.

वेलांटी

सर, मान्य. सुट्टीआधी मला दहा-वीस गोष्टींतले शब्द पाठवलेत तर रूपं एकसारखी दिसतात का ते बघून ठेवते. नियम निघत असेल तर पुढच्या वर्षी मुख्य फाइलीसारखीच वेगळी फाइल करता येईल.

सगळ्यांसाठी एक सूचना, शब्दांच्या स्रोतांबद्दल. छापील कोश उघडून शब्द टाइप करत सुटू नका. अजून हक्क असलेल्या कोशांतून घेतलेली यादी आपल्या परवान्याखाली देता येणार नाही, आणि नंतर ते शब्द वेगळे काढणं अशक्य होतं. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, त्याला हक्काची अडचण नाही, पण त्यातलं लेखन आजच्या नियमांच्या कितीतरी आधीचं आहे. विक्शनरीतून घेताना परवाना जुळतो का हे आधी विचारा. शब्द कुठून आला ते प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, लिहायचं.

अनुस्वार

आतापर्यंतच्या बोलण्यावरून कच्चा आराखडा मांडतो. दुरुस्त्या सांगा.

२७ फेब्रुवारीची आवृत्ती: ऱ्या आणि ॲ एकरूप करणं (मी), चाचण्यांच्या दोन फायली आणि स्क्रिप्टने बांधलेलं पॅकेज (इझारकाठी), नेहमीच्या चुकांच्या जोड्या (पानोपानी ताई). ३० जूनची आवृत्ती: उपान्त्य इकार-उकारांचे जेवढे गठ्ठे होतील तेवढे (वेलांटी ताई, नवशिकी आणि गठ्ठा घेणारे सगळे), विकिपीडियावरून निघालेल्या खोट्या रेघांपैकी वरच्या (इझारकाठी यादी काढतील, दुरुस्तीला अजून एक माणूस हवा), सोलापूर-पंढरपूरची यादी (भीमाकाठ सर). जूनमधल्या आवृत्तीचा मसुदा मेच्या अखेरीस पानोपानी ताईंकडे. वर्षभर चालणारं: नियमांची फाइल दुसऱ्याला शिकवणं (वेलांटी ताई आणि नवशिकी), बग आणि पुल रिक्वेस्ट (रात्रपाळी आणि मी आलटून-पालटून, म्हणजे मार्च आणि गणपतीत वेलांटी ताईंवर काही येणार नाही), रोडमॅपचं पान आणि मागण्यांना उत्तरं (सह्याद्रीवासी).

यंदा करणार नाही: कीबोर्ड, व्याकरण तपासणी, वर्डची जोडणी, एआय, हॅक्टोबरफेस्ट. कारणांसह हेही पानावर राहील. यातलं काही कुणाला स्वतंत्रपणे करायचं असेल तर आपली शब्दयादी खुली आहे, जरूर घ्या.

मध्येच कुणाला सोडावं लागलं तर एक ओळ लिहा आणि सोडा, कारण सांगायची गरज नाही. नाव खोडलं की काम 'इच्छा' पानावर जाईल.

रात्रपाळी, आलटून-पालटूनचं तुम्हाला न विचारता लिहिलंय. चालेल ना?

रात्रपाळी

चालेल. सम महिने माझे.

पानोपानी

खोट्या रेघांच्या दुरुस्तीला माणूस हवा म्हणालात. आमच्या मुद्रितशोधकांच्या गटात एक निवृत्त बाई आहेत, दिवसा वेळ असतो. संगणक जेमतेम येतो, पण शब्द बरोबर की चूक हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं माणूस मला माहीत नाही. यादी कागदावर छापून दिली तर त्या खुणा करतील, मी टाइप करीन.

इझारकाठी

छापता येईल अशी मोठ्या अक्षरांतली पीडीएफ पाठवतो. एका पानावर चाळीस शब्द ठेवू?

पानोपानी

तीस ठेवा, समोर लिहायला जागा लागते.

नवशिकी

वेलांटी ताई, पहिला गठ्ठा घेतलाय. एक शंका. 'तारीख' आणि 'बेरीज' या शब्दांत इकार ऱ्हस्व होत नाही, तो जातोच. तारखेला, बेरजेत. यांना 'वकील'ची खूण लावू की वेगळी?

वेलांटी

वेगळी. तीन अक्षरी शब्दाचं पहिलं अक्षर दीर्घ असेल तर मधल्या ई-ऊच्या जागी अ येतो: बेरीज, तारीख, लाकूड, कापूस. पहिलं ऱ्हस्व असेल तर ई-ऊ नुसता ऱ्हस्व होतो: गरीब, वकील. दोन्हींसाठी खुणा आधीच आहेत, फाइलीच्या सुरुवातीला तक्ता आहे तो बघ. त्यात न बसणारं काही दिसलं तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा, गुरुवारी रात्री नऊला कॉलवर एकत्र बघू.